लाइनवरचा बाजार

इंदुताई ठाकूर फोनवर कधी 'हॅलो' म्हणाल्या नाहीत. रिसीव्हर उचलला की त्या विचारत, "कोण पायजे?" रोह्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकवीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढल्यावर तो प्रश्न त्यांच्या जिभेवरच बसला होता. दारात माणूस उभा राहिला तरी तोच. एकदा त्यांचे यजमान दत्तारामभाऊ कंपनीतून शिफ्ट संपवून आले आणि त्यांनी कडी वाजवली. आतून "कोण पायजे?" आलं. दत्तारामभाऊ थोडा वेळ विचार करून म्हणाले, "तूच." हे त्यांनी मला स्वतः सांगितलं. सांगताना ते हसले नाहीत.

नव्वदीच्या सुरुवातीला एक्स्चेंज ऑटोमॅटिक झालं. नंबर फिरवला की माणूस थेट लागू लागला, मध्ये कुणी लागेना. इंदुताईंची बदली अलिबागला कागदांच्या कामावर निघाली. "तिथं बोलायला कोण नाय, नुसती कपाटं हायत," असं म्हणून त्यांनी नोकरी सोडली आणि स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एसटीडी बूथ टाकला. शेजारच्या गाळ्यात माझा टायपिंगचा क्लास होता. दोन्ही गाळ्यांच्या मध्ये प्लायवूड होतं. माझ्याकडच्या दहा मशिनींचा खडखडाट त्यांच्याकडे जात असे आणि त्यांच्याकडचं जग माझ्याकडे येत असे. या व्यवहारात फायदा माझा होता.

इंदुताई मूळच्या पेणच्या खाडीपट्ट्यातल्या. वडील मिठागरात कामाला. बांधावर उभं राहून पलीकडच्या बांधावरच्या माणसाशी बोलायची घरातल्या सगळ्यांना सवय, त्यामुळे आवाज मुळातच फोनची गरज नसलेला. धाकटी बहीण लीला पेणला दिली होती. तिचं पोह्या-पापडांचं दुकान होतं आणि दुकानात फोन होता. इंदुताईंचा बाजार उभा राहिला तो या दोन बहिणींच्या दोन टोकांवर.

सुरुवात शिलाई मशीनपासून झाली. बूथमध्ये एक बाई पेणच्या नणंदेला ओरडून सांगत होती की तिला जुनं शिलाई मशीन हवंय. काचेचं दार बंद होतं, तरी मला ऐकू येत होतं, तर इंदुताईंना येणारच. आदल्याच दिवशी लीलाच्या दुकानात एक गृहस्थ मशीन काढायचंय म्हणून बोलून गेले होते. बाई पैसे द्यायला बाहेर आली तेव्हा इंदुताई म्हणाल्या, "नणंदेला कशाला तरास? हा नंबर घ्या. पाय-मशीन हाय, पट्टा नवा हाय." बाई पुन्हा आत गेली. आठवड्यात मशीन रोह्यात आलं.

मी विचारलं, "तुम्हाला काय मिळालं?"

"दोन कॉल झाले ना, मास्तर. एकाचे दोन झाले."

पहिलं वर्षभर त्यांचा हिशोब एवढाच होता. कुणी काही द्यायचं नाही, कुणी काही मागायचं नाही, लोकांनी फक्त बोलायचं. दुपारी एक वाजता, माझा क्लास जेवायला सुटला की, पलीकडून आवाज येई. "गो लीला, लिव्ह. लाकडी कपाट, एक. कारण, सून आली, तिनं लोखंडी आणलं. निडीला गाभण म्हैस. कारण, पोरगा कंपनीत लागला, आता वैरण कोण कापणार. झालं? आता तुझं सांग." मग तिकडून लीलाचं पेणचं सांगणं आणि इकडे इंदुताईंच्या पेन्सिलची खरखर.

वहीत 'कारण' नावाचा रकाना इंदुताईंनी स्वतः आखला होता. किंमत त्या सर्वांत शेवटी विचारत. आधी प्रश्न, "का इकताय?" गिऱ्हाईक गोंधळत असे. विकणाऱ्या माणसाची वस्तूविषयी तयारी असते, कारणाविषयी नसते. "घरात जागा नाय" असं कुणी सांगितलं की इंदुताई शेजारी बारीक फुली मारत. त्यांच्या मते जागा नसल्यामुळे आजवर कुणी चांगली वस्तू विकलेली नाही. "सासऱ्यांची होती, ते गेले," या कारणाला मात्र त्या मान देत. "ती वस्तू सासऱ्यांनी वापरली, सांभाळून वापरली. आपण नाय सांभाळत," असं म्हणून त्या बूथमधल्या दत्तारामभाऊंच्या मोडक्या रेडिओकडे बघत.

फुकट आहे म्हटल्यावर लोकांनी काय काय आणलं ते सांगत नाही. एकानं शेजाऱ्याचा कुत्रा नोंदवला. शेजाऱ्याला माहीत नव्हतं. विकलेली वस्तू खोडायला कुणी येत नसे. एकच कपाट पाच जणांनी जाऊन पाहिलं आणि पाचव्याला कळलं की ते तीन महिन्यांपूर्वीच गेलं आहे. शेवटी इंदुताईंनी नोंदीला दोन रुपये लावले. एका रात्रीत निम्मी वही रिकामी झाली. "दोन रुपये मला नको होते," त्या म्हणाल्या, "पण दोन रुपये द्यावे लागले की मानूस खरं बोलतो. थोडं."

पुढे वहीची यादी झाली. दर सोमवारी ती मी टाइप करायचो, कार्बन घालून तीन प्रती. एक बूथच्या काचेवर, एक लीलाकडे, एक निडी स्टेशनजवळच्या चहावाल्याकडे. तेव्हा डोलवीच्या बाजूला पोलादाच्या कारखान्याचं काम निघालं होतं. बाहेरगावचे फिटर, वेल्डर, सुपरवायझर यायला लागले. त्यांना खोल्या हव्या, खाटा हव्या, स्टोव्ह हवे. काम संपलं की तेच सगळं विकायचं असे. यादी एका पानाची तीन पानं झाली. आता इंदुताई सौदा जमला की दोन्हीकडून थोडे पैसे घेऊ लागल्या. दलाली हा शब्द त्यांना चालत नसे. शिलाईला शिलाई, दळायला दळणावळ, तशी ही 'बोलणावळ'.

बोलणावळ बुडवणारे अर्थातच होते. घेणारा नि देणारा दोघं बूथमध्ये भेटत, "नाय जमत" म्हणून तोंडं पाडून बाहेर पडत आणि पिंपळाखाली उभे राहून सौदा पुरा करत. पिंपळ काचेतून सरळ दिसायचा. इंदुताई उठून जात नसत. दुसऱ्या दिवशी फोन करून त्या फक्त विचारत, "कपाट जिन्यातून वर गेलं का? नाय, ते सव्वातीन फुटी हाय म्हनून विचारलं." संध्याकाळपर्यंत बोलणावळ येई.

मग लाल टिंबं आली. ज्यानं खोटं सांगून वस्तू विकली त्याच्या नावापुढे लाल शाईचं टिंब. ते वर्षभर राहायचं. कुणाचाही अपवाद नव्हता, हे मी खात्रीनं सांगू शकतो. माझ्याकडचं एक मराठी मशीन मी पेणच्या वकिलाच्या कारकुनाला विकलं होतं. यादीत 'उत्तम स्थितीत' असं मीच टाइप केलं होतं. त्याचा 'ळ' उमटत नसे. माझ्या मते एका अक्षरानं स्थितीत फरक पडत नव्हता. पण वकिलाकडे सगळी कामं मिळकतीची, आणि दर नोटिशीत मिळकतीला भोक पडू लागलं. कारकुनानं लीलाला सांगितलं. सोमवारी यादी टाइप करून झाल्यावर इंदुताईंनी ती माझ्याच टेबलावर पसरली, लाल पेन काढलं आणि माझ्या नावापुढे टिंब दिलं.

"इंदुताई, मी तुमचा शेजारी."

"म्हनून बारीक दिलंय."

वर्षभर मी दर सोमवारी स्वतःचं नाव टाइप करून त्यापुढे टिंबासाठी जागा सोडत होतो.

त्या टिंबांमुळे यादीचं वजन वाढलं. लोक काचेपाशी येऊन वस्तू वाचण्याआधी नावं वाचत. चांगल्या घरची माणसं टिंब पुसायला पैसे देऊ करत. इंदुताई घेत नसत. पण पैसे वेगळ्या दारानं आत आले.

पेणला बाबूशेठ म्हणून जुन्या मशिनरीचा व्यापारी होता. गोड बोलणारा. तो एकदा मुद्दाम रोह्याला आला, बूथमध्ये बसून चहा प्यायला आणि म्हणाला, "ताई, माझा माल यादीत कायम असतोच. तो तेवढा वरच्या ओळीत टाका. महिन्याचे महिन्याला पैसे देईन. सौदा होवो न होवो." त्या महिन्यात बूथचं भाडं वाढलं होतं आणि दत्तारामभाऊंच्या कंपनीत ओव्हरटाइम बंद झाला होता. इंदुताईंनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी यादीच्या डोक्यावर बाबूशेठची ओळ आली. व्यापारी म्हटल्यावर 'का इकताय' विचारण्यात अर्थ नव्हता, त्यामुळे त्याच्यापुरता कारणाचा रकाना मोकळा राहिला. मी तिथं दोन आडव्या रेघा टाइप करत असे. व्यवस्थित दिसायचं.

निडीला यशोदा नावाची बाई होती. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता, थोडी भातशेती होती. गावातल्या बायका दळणाची पाटी घेऊन नागोठण्यापर्यंत जात, म्हणून गावातच पिठाची चक्की टाकावी असं तिनं ठरवलं. चहावाल्याकडच्या यादीत वरच्या ओळीत चक्की होती. यशोदानं हातातल्या पाटल्या मोडल्या. चक्की घरी आली, नारळ फुटला, इंदुताईंना पेढे आले. आठव्या दिवशी मोटर जळली.

यशोदा बूथवर आली तेव्हा मी माझ्या गाळ्यात होतो. ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

"ताई, त्या शेठला मी वळखत नाय," ती म्हणाली. "त्याचं नाव पन मला वाचता येत नाय. चहावाल्यानं सांगितलं, इंदुताईनं सगळ्यात वर लिव्हलंय. म्हनून घेतली."

  मी उठून बूथमध्ये गेलो. दोघी समोरासमोर बसल्या होत्या. इंदुताईंच्या हातात यादी होती आणि त्या माझ्या दोन आडव्या रेघांकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही पेणला गेलो. इंदुताई, यशोदा, पोत्यात घातलेली मोटर, आणि ती उचलायला मी.

बाबूशेठ हसून म्हणाला, "माल त्यांनी बघून घेतला. इकल्यावर आपली जबाबदारी नाय. आणि ताई, वरच्या ओळीचे पैसे मी तुम्हाला देतो."

"म्हनूनच आलेय," इंदुताई म्हणाल्या आणि टेलिफोनजवळच्या स्टुलावर बसल्या.

त्यांनी काही ठरवून केलं असं मला वाटत नाही. फोन वाजला आणि एकवीस वर्षांच्या सवयीनं त्यांचा हात गेला. "कोण पायजे? बाबूशेठ हायत, समोरच हायत. मोटर पायजे? हाय की. पायाशीच हाय. जळकी हाय, वास येतोय. देऊ का?" त्यांनी रिसीव्हर ठेवला. सूर अगदी सरकारी होता, राग नाही की टोमणा नाही. बाबूशेठ काउंटरवरून येईपर्यंत पुन्हा फोन वाजला. "कोण पायजे? पंप? पंपाचं ठाऊक नाय, मी मोटरवाल्या बाईबरोबर आलेय. ती आठ दिवस चालली." बाबूशेठनं रिसीव्हरसाठी हात पुढे केला तेव्हा इंदुताईंनी एक बोट वर केलं, "लाइन बिझी हाय." त्यानं हात मागे घेतला. का घेतला ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्या आवाजाचं सगळेच ऐकत.

तिसऱ्या फोनला पलीकडे बाबूशेठचा व्याही होता. इंदुताईंनी त्यालाही सांगितलं. जेवणाच्या सुट्टीआधी यशोदाचे पैसे पदरात पडले. बाबूशेठनं आम्हाला पाणीसुद्धा विचारलं. त्याला आम्ही लवकर जायला हवे होतो.

परतीच्या एसटीत यशोदाला झोप लागली. नागोठणं गेल्यावर इंदुताई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "मास्तर, पैशे मिळाले म्हनून मी सुटले असं नाय. एका मानसाला मी कारण विचारलं नाय. बरोब्बर त्याच मानसाला."

मी म्हटलं, "रेघा मी टाइप केल्या."

"तुम्हाला टिंब हाय आधीच," त्या म्हणाल्या. "आता मला द्यायला पायजे."

आणि त्यांनी दिलं. पुढल्या सोमवारी यादीच्या खाली माझ्याकडून एक ओळ टाइप करून घेतली, 'यादी चालवणार: इंदुमती ठाकूर', आणि त्यापुढे लाल टिंब. बारीक नव्हतं. वरची ओळ कायमची बंद झाली. यशोदासाठी त्यांनी वहीतून दुसरी चक्की काढली. रोह्याशेजारच्या अष्टमी गावातले एक म्हातारे गृहस्थ विकत होते, कारण, डोळ्यांनी दिसत नाही. इंदुताई डब्यात तांदूळ घेऊन स्वतः गेल्या, दोन वेळा दळून पाहिले, पीठ बोटांत चोळलं आणि मग हो म्हणाल्या. ती चक्की निडीला अनेक वर्षं चालली. तांदळाच्या पिठाची पिशवी बूथवर येत असे आणि इंदुताई त्यातलं वाटीभर मला देत.

मग नवा नियम निघाला. मोठ्या वस्तूचे पैसे घेणाऱ्यानं इंदुताईंकडे ठेवायचे. आठ दिवस वस्तू नीट चालली की ते विकणाऱ्याला मिळणार, आणि बोलणावळही तेव्हाच. विकणारे चिडले. "आमच्यावर भरोसा नाय का?" त्यावर इंदुताई म्हणत, "माझा माझ्यावर नाय, तुमचं काय घेऊन बसलात?" यादी तीन पानांवरून दीडवर आली. मग सहा महिन्यांत पुन्हा चार पानांची झाली, कारण कोलाडपासून वडखळपर्यंतचे लोक आठ दिवसांच्या बोलीसाठी रोह्याला फोन करू लागले. माझ्या मते तोच त्या बाजाराचा भराचा काळ.

पुढे घराघरांत फोन आले. पेणच्या माणसाला रोह्याचा माणूस एकदा ठाऊक झाला की दुसऱ्या वेळी त्याला मध्ये कुणी नको असे. इंदुताईंनी याची कधी तक्रार केली नाही. "वळख करून दिली तर ती वळख होनारच," त्या म्हणत. यादी दोन पानं झाली, मग एक. शेवटी शेवटी मी कार्बनच्या दोनच प्रती काढत असे, चहावाल्यानं टीव्ही घेतल्यापासून त्याच्या भिंतीवर जागा नव्हती. इंदुताईंनी ते कारण ऐकून शेजारी फुली मारली.

शतक संपायच्या बेतात असताना समीर नावाचा तरुण इंजिनियर डोलवीहून आला. नोकरी सोडून मुंबईत मित्राबरोबर कंपनी काढणार होता. इंटरनेटवर जुन्या वस्तूंचा बाजार. इंदुताईंची यादी त्यानं पूर्वी खाट घेताना पाहिली होती. त्यानं कागदावर चौकोन काढून समजावलं. पहिल्यांदा सगळं फुकट. मग नोंदीला थोडे पैसे. मग प्रत्येक सौद्यावर टक्केवारी. मग जे जास्त देतील त्यांची वस्तू वर.

"मग?" इंदुताईंनी विचारलं.

"मग लोकांचा विश्वास टिकवायला काहीतरी करावं लागेल. पैसे मध्ये धरून ठेवायचे वगैरे. त्यावर अजून विचार चालू आहे."

"ह्याला किती दिवस लागतील?"

"तीन-चार वर्षं."

"मला आठ लागली," इंदुताई म्हणाल्या. मग त्यांनी चौकोनांवरून बोट फिरवलं. "आणि मशीन बंद पडलं तर बसनार कोण?"

"कुठे बसणार?"

"दुकानात. जाऊन."

समीर म्हणाला, त्यासाठी ई-मेलचा पत्ता असेल. इंदुताईंनी मान हलवली. त्यांनी त्याला सगळ्या वह्या देऊन टाकल्या, काही न घेता. तो म्हणाला, यातला कारणाचा रकाना कॉम्प्युटरवर ठेवायची गरज नाही. त्या म्हणाल्या, "नका ठेवू." तो गेल्यावर मला म्हणाल्या, "त्याला पन लागतील आठ."

पुढच्या उन्हाळ्यात दत्तारामभाऊ निवृत्त झाले. बूथ एका मोबाइलवाल्यानं घेतला आणि दोघं पेणला लीलाजवळ राहायला गेले. प्लायवूडपलीकडून गाणी येऊ लागली. मुलांचा टायपिंगचा वेग वाढला, चुकाही.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. गणपतीची मूर्ती सांगायला पेणला गेलो होतो. बाजारात सुकटवाल्या बायका ओळीनं बसल्या होत्या आणि पहिलीच्या समोर इंदुताई वाकून उभ्या होत्या. मी हाक मारणार होतो, पण त्या बोलण्यात होत्या. त्या बाईची मुलगी बाळंतपणाला आली होती, त्याची चौकशी चालली होती, बरीच सविस्तर. मग भाव निघाला. बाईनं सांगितला तो अर्थातच घासाघीस धरून सांगितलेला होता. इंदुताईंनी तेवढे पैसे काढून दिले.

 आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्या बाईचा पहिला भाव दिला असावा. तिनं घाईघाईनं एक मूठ सुकट वर टाकली. इंदुताई पुढे सरकल्या. दुसरीकडे बोंबील घेतले, तिथंही तेच. तिसरीपर्यंत बातमी पोचली होती. तिनं सोड्यांचा भाव सरळ दुप्पट सांगितला. इंदुताईंनी आधी तिच्या सुजलेल्या पायांविषयी विचारलं, कुठल्या डॉक्टरकडे जावं ते सांगितलं आणि दुप्पट पैसे दिले. इतक्या वर्षांत मी त्यांना स्वतःसाठी काही विकत घेताना पाहिलंच नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

त्या सहा आसनी रिक्षात शिरल्या. आधीच आठ माणसं होती. मांडीवर पिशवी घेऊन, अर्ध्या बाहेर, त्या शेजारणीला आत काय काय आहे ते उघडून दाखवत होत्या. रिक्षा सुटली तेव्हा त्यांचा चेहरा दिसला. सगळा बाजार स्वस्तात मारून निघालेल्या बाईचा असतो, तसा.